सतरा आणि पंचावन्न यांच्या मधली शांतता

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

नेटवर्किंगच्या अभ्यासाबद्दल परवा तू विचारलंस, "आधी राउटिंग करू की व्हॉइस?" आणि मी घाईघाईत सांगून टाकलं की राउटिंग (पॅकेटांनी कोणत्या वाटेने जायचं ते ठरवणं) संपव, मग व्हॉइसला (नेटवर्कवरून फोनचा आवाज नेण्याला) हात लाव. ते उत्तर मी मागे घेतो. दोन्ही एकदम कर. का, ते फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून हे पत्र. जरा लांबणार आहे.

सिस्कोच्या सीसीएनए परीक्षेपुरतं ओएसपीएफ (राउटरांनी आपसांत रस्ते ठरवण्याचा एक प्रोटोकॉल) एकाच एरियाचं, म्हणजे एकाच विभागाचं असतं आणि व्हॉइस म्हणजे व्हॉइस व्हीलॅन (फोनसाठी वेगळं काढलेलं नेटवर्क) आणि क्यूओएसची (कोणत्या पॅकेटांना आधी जाऊ द्यायचं याच्या नियमांची) तोंडओळख. तेवढ्यावर निभावतं. पुढच्या पायरीला मात्र मी पहिल्या प्रयत्नात नापास झालो, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा माझ्या वहीत एक पान होतं, रिप, ईआयजीआरपी, ओएसपीएफ आणि बीजीपी या राउटिंग प्रोटोकॉलांच्या सगळ्या टायमरचं: 'मी आहे' सांगणारा हॅलो किती सेकंदांनी जातो, आणि किती सेकंद शेजाऱ्याकडून काहीच आलं नाही की तो गेला असं धरायचं (होल्ड किंवा डेड). रिप दर ३० सेकंदांनी रस्त्यांचं आख्खं टेबल पाठवतो आणि १५ हॉपच्या (राउटरांच्या टप्प्यांच्या) पुढचं जग त्याला दिसत नाही, १६ म्हणजे अनंत. ईआयजीआरपीचा हॅलो ५ आणि होल्ड १५. ओएसपीएफचा हॅलो १०, डेड ४०. बीजीपीचा होल्ड टाइम सिस्को राउटरवर १८०. पान तोंडपाठ होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण ४० सेकंद म्हणजे नेमकं किती, हे मला माहीतच नव्हतं.

ते कळलं व्हॉइसच्या पहिल्या लॅबमध्ये. तीन राउटर त्रिकोणात जोडले, ओएसपीएफ चालू केलं, दोन टोकांना दोन सॉफ्टफोन (कॉम्प्युटरवर चालणारे फोन). एका फोनसमोर मी मोजणीचं रेकॉर्डिंग लावलं, दर सेकंदाला एक आकडा, एक ते शंभर. दुसऱ्या फोनचे हेडफोन कानाला लावले आणि मुख्य लिंकची केबल उपटली. आवाज जेमतेम अडखळला आणि लगेच दुसऱ्या रस्त्याने आला. साहजिकच होतं, पोर्ट डाउन झाल्याचं राउटरला त्याच क्षणी समजलं. मग मी त्याच लिंकमध्ये दोन स्विच घातले आणि दोन स्विचच्या मधली केबल काढली. आता दोन्ही राउटरांचे आपापले पोर्ट अप, दिवे हिरवे, आणि मधली वाट तुटलेली. भाड्याच्या लिंकवर बिघाड होतो तो बहुतेकदा असाच, आपल्या नजरेआड.

कानात "सोळा, सतरा" आलं आणि पुढे काहीच नाही.

मित्रा, ती शांतता मी विसरणार नाही. फोनच्या पडद्यावर कॉलची वेळ पुढे सरकतच होती, कारण कॉल जोडण्याचं काम सिपचं, ते केव्हाच आटोपलं होतं. आवाज वाहून नेणारा आरटीपी वेगळा आणि त्याचं काय झालं याची सिपला खबर नव्हती. मी नुसता बसून राहिलो. खूप वेळाने कानात आलं, "पंचावन्न". मधले सदतीस आकडे गेले होते. वायरशार्क (पॅकेटं टिपून दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून पाहिलं तर आरटीपीचा सिक्वेन्स नंबर, म्हणजे पॅकेटांचा अनुक्रमांक, ४२१२ वरून थेट ६०६३ वर. म्हणजे १८५० पॅकेटं. दर सेकंदाला ५० पॅकेटं, सदतीस सेकंद, हिशोब जुळला. ४० ऐवजी ३७ का, तर डेड टायमर शेवटच्या हॅलोपासून मोजला जातो आणि तो हॅलो केबल काढण्याच्या थोडा आधीच येऊन गेला होता. मग एसपीएफचं, म्हणजे सगळ्यात जवळचा रस्ता शोधण्याचं, गणित होऊन नवा रस्ता टेबलमध्ये बसला.

त्या रात्री टायमरच्या पानावर मी बाजूला आणखी एक आकडा लिहिला, १५०. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ शिफारस सांगते की बोलणाऱ्याच्या तोंडून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत एकेरी विलंब १५० मिलीसेकंदांच्या आत असला तर संभाषण सुरळीत चालतं. इकडे १५० मिलीसेकंद, तिकडे ४० सेकंद. अडीचशे पटीहून जास्त फरक. फाइल कॉपी होत असती तर टीसीपीने हरवलेलं सगळं पुन्हा मागवून घेतलं असतं आणि वापरणाऱ्याला वाटलं असतं, आज नेट जरा हळू आहे. आवाज परत मागवता येत नाही. "अठरा" हा आकडा पंचावन्ननंतर येऊन काय उपयोग? म्हणून तर आरटीपी यूडीपीवर चालतो, जो हरवलेलं पुन्हा मागवत नाही.

मग बीएफडी लावला, लिंक तुटल्याचं झटपट ओळखणारा प्रोटोकॉल. ३०० मिलीसेकंदांना एक पॅकेट, लागोपाठ तीन चुकली की नेबर (शेजारचा राउटर) गेला असं समजायचं. एसपीएफचा विलंबही कमी केला. तोच प्रयोग, तीच केबल. मोजणीतला एकच आकडा तुटला. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. एसपीएफ ज्यावर चालतं तो अल्गोरिदम डाइक्स्ट्राचा. या संगणकशास्त्रज्ञाने १९५६ साली ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत बसून, कागद-पेन्सिल न घेता, वीसेक मिनिटांत तो अल्गोरिदम रचला होता. छापून आला १९५९ साली. इतक्या वर्षांनी तो माझ्या कानात एका आकड्याइतक्या वेळात नवी वाट काढून देत होता. मला खरोखर भरून आलं.

बीजीपीचे १८० सेकंद आता मला तीन मिनिटांची शांतता म्हणूनच ऐकू येतात. ते पान मी पुन्हा पाठ केलं नाही, गरजच उरली नाही.

आता तुझ्या मनातली भीती, गणिताची. ते फार नाही, एकदा हाताने करून बघ. जी.७११ या कोडेकमध्ये (आवाजाचे आकडे करण्याच्या पद्धतीत) सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येक ८ बिटांचा, म्हणजे ६४ केबीपीएस. २० मिलीसेकंदांचा आवाज एका पॅकेटात भरला तर १६० बाइट. त्यावर आयपीचे २०, यूडीपीचे ८, आरटीपीचे १२, मिळून ४० बाइटांचं आवरण. एकूण २०० बाइट, सेकंदाला ५० वेळा, झाले ८० केबीपीएस. जी.७२९ मध्ये आवाज आक्रसून फक्त २० बाइट होतो, पण आवरण तेच ४० बाइटांचं. चिठ्ठीपेक्षा पाकीट दुप्पट जड! ८ केबीपीएसचा कोडेक म्हणून निवडायचा आणि लिंकवर २४ मोजायचे, इथरनेटचं ओझं आणखी वेगळं. हे एकदा कागदावर मांडलंस की कोणत्या लिंकवर किती कॉल मावतील हे तुला विचारावं लागणार नाही.

क्यूओएसबद्दल थोडक्यात. आवाजाच्या पॅकेटांवर ईएफचा ('तातडीचं' असा) शिक्का, म्हणजे पॅकेटावरच्या डीएससीपी या खुणेत ४६, आणि त्यांच्यासाठी प्राधान्याची रांग. त्या रांगेला मर्यादा घालायला विसरू नकोस, नाहीतर बाकीची सगळी वाहतूक उपाशी राहते.

एका जागी तू अडकशीलच, मी दोन संध्याकाळी अडकलो होतो. "शो आयपी ओएसपीएफ नेबर" ही आज्ञा दिली की एक राउटर एक्सस्टार्टवर आणि दुसरा एक्सचेंजवर थिजलेला, म्हणजे शेजाऱ्याशी जुळण्याच्या अर्ध्या वाटेवरच. पिंग जातो, हॅलो येतात, एरिया जुळतो, मास्क जुळतो. मी कॉन्फिग दोनदा पुसून नव्याने लिहिली. शेवटी इंटरफेस नीट पाहिला तर एकीकडे एमटीयू (एका पॅकेटाचा कमाल आकार, बाइटांत) १५००, दुसरीकडे १४००. डेटाबेसच्या वर्णनाच्या पॅकेटात पाठवणाऱ्याचा एमटीयू लिहिलेला असतो, आणि तो आपल्यापेक्षा मोठा दिसला की राउटर ते पॅकेट सोडून देतो. हॅलोला ही अट नाही, म्हणून वरवर सगळं आलबेल दिसतं. दोन्हीकडे एमटीयू सारखा केला आणि बघता बघता फुल, म्हणजे पूर्ण जुळणी, झालं. तेव्हापासून नेबरच्या सगळ्या अवस्था, डाउनपासून फुलपर्यंत, मी डीबग लावून एकेक करून वाचतो. तूही तसंच कर.

आणि एक काम तुझ्याशिवाय होणार नाही. सिपच्या इन्व्हाइटमध्ये (कॉलच्या निमंत्रणात) फोन आपला पत्ता आत लिहून पाठवतो, एसडीपी नावाच्या मजकुरात, "सी" ने सुरू होणाऱ्या ओळीत. फोन नॅटमागे, म्हणजे खासगी पत्त्याच्या जागी पब्लिक पत्ता लावणाऱ्या राउटरमागे, असला तर तिथे १९२.१६८ ने सुरू होणारा खासगी पत्ता जातो. नॅट बाहेरचं आवरण बदलतं, आतलं लिखाण तसंच राहतं, आणि त्या खासगी पत्त्यावर बाहेरून आवाज पोहोचत नाही. घंटी वाजते, कॉल जोडला जातो आणि आवाज एकाच बाजूने येतो. हे मी वाचलंय, चित्रं काढलीत, पण स्वतःच्या कानांनी ऐकलेलं नाही. रविवारी सकाळी बसूया. माझ्याकडे पब्लिक पत्ता आहे, तुझा सॉफ्टफोन तुझ्या घरच्या राउटरमागे असेल. राउटरमधलं सिप एएलजी आधी बंद करून ठेव, नाहीतर ते मधल्यामध्ये पत्ता बदलून टाकेल. स्टनही (फोनला त्याचा पब्लिक पत्ता कळवणारा) लावू नकोस, तो नंतर लावू. वायरशार्क दोघांकडे चालू ठेवू आणि कॉल तू कर.

तुला माझा आवाज येणार नाही, मला तुझा येईल. घाबरून कॉल कट करू नकोस. त्या "सी" च्या ओळीत काय दिसतंय ते मोठ्याने वाचत राहा, मी इकडे ऐकत असेन.

तुझाच,
मित्र