थॅलिडोमाइडची अर्धीच गोष्ट

महोदय,

आरशातल्या प्रतिमेसारखे डावे-उजवे रेणू (डाव्या-उजव्या हातांसारखी एकाच रेणूची दोन रूपे) आणि औषधे, हा विषय निघाला की थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाचा दाखला हमखास येतो. एक रूप झोप आणणारे, दुसरे गर्भाला घातक; दोन्ही वेळीच वेगळी केली असती तर अनर्थ टळला असता, असे सांगितले जाते. रसायनशास्त्र शिकवताना मीही वर्षानुवर्षे हेच सांगितले. ते अपुरे होते, म्हणून हे पत्र.

थॅलिडोमाइडचे निव्वळ ‘चांगले’ रूप दिले तरी काही तासांत शरीरातच त्याचा काही भाग दुसऱ्या रूपात बदलतो. म्हणजे कारखान्यात कितीही शुद्ध रेणू बनवला असता तरी गर्भवतींना त्यापासून संरक्षण मिळाले नसते. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलेले हे औषध १९६१ च्या अखेरीस मागे घेतले गेले. त्याच्यामुळे जगभरात दहा हजारांहून अधिक बाळे व्यंग घेऊन जन्मली. खरी चूक चाचण्यांची होती. गर्भावर काय परिणाम होतो, हे नीट तपासलेच नव्हते. अमेरिकेत सरकारी औषध नियामक संस्थेतील फ्रान्सिस केल्सी यांनी सुरक्षिततेचा पुरावा पुरेसा नाही म्हणून परवानगी अडवून धरली, तेव्हा त्यांना डाव्या-उजव्याची चर्चा करावी लागली नाही.

मग एकच रूप बनवण्याची धडपड व्यर्थ का? मुळीच नाही. कंपवातावरील डोपा हे औषध सुरुवातीला दोन्ही रूपांच्या मिश्रणात दिले जाई आणि नको असलेल्या रूपामुळे काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी घटत. रसायनशास्त्रज्ञ विल्यम नोल्स यांनी ऱ्होडियम या धातूचा असा उत्प्रेरक घडवला की त्यातून जवळपास हवे तेच रूप तयार होऊ लागले. २००१ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचाही वाटा होता. आयब्युप्रोफेन या वेदनाशामकाची तऱ्हा अगदी उलटी: त्याच्या निष्क्रिय रूपाचा बराचसा भाग शरीर आपणहून सक्रिय रूपात बदलून घेते.

म्हणूनच ‘एकाच रूपाचे, शुद्ध, म्हणून अधिक चांगले’ असे सांगत नवे औषध पुढे आले की आपल्या वार्ताहरांनी दोन प्रश्न विचारावेत. हे रूप शरीरात तसेच टिकते का? जुन्या मिश्रणाशी त्याची थेट तुलना झाली आहे का? बातमीत उत्तरे छापावीत. उत्तर मिळाले नाही तर तेही छापावे.

– एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक