डूमच्या चरित्राला फेरफार नोंद लागते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत डॉक्टर डूम या कॉमिक्समधल्या खलनायकाचे ‘जीवनचरित्र’ छापून आले. रॉबर्ट डाउनी ज्युनियर ही भूमिका करणार, असे २०२४ मध्ये जाहीर झाल्यापासून मराठीतही त्याच्याबद्दल लिहिले जाऊ लागले, हे चांगलेच. पण लेखात चित्रपटातला डूम आणि कॉमिक्समधला डूम यांची खिचडी झाली आहे. अंतराळातल्या अपघाताने कातडी धातूची होणे हे २००५ च्या चित्रपटातले. कॉमिक्सच्या मूळ कथेतला डूम त्या यानात बसलाच नव्हता. त्याच्याजवळ आहे ते चिलखत, यंत्रे आणि आईच्या पेटीतून हाती आलेली जादू.

अशा पात्राचे चरित्र सातबाऱ्यासारखे वाचावे लागते. तिथे जुने नाव पुसत नाहीत, त्याला कंस करतात आणि फेरफार क्रमांक टाकतात. लेखातली सर्वांत मोठी चूक डूमच्या चेहऱ्याबाबत आहे, ‘स्फोटात चेहरा जळाला’ एवढेच तिथे म्हटले आहे. म्हणून त्याच्या नोंदी क्रमाने देतो.

‘फॅन्टॅस्टिक फोर’ या चार महानायकांच्या मालिकेच्या जुलै १९६२ च्या ५ व्या अंकात लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी त्याला आणले. तेव्हा त्याचे पूर्वायुष्य चार-दोन चौकटींत उरकले होते. त्या चौघांचा म्होरक्या रीड रिचर्ड्स याच्या कॉलेजात होता, पाताळाशी संपर्क साधण्याचा निषिद्ध प्रयोग केला, स्फोटात चेहरा गेला, कॉलेजने काढून टाकले, तिबेटकडे भटकत राहिला. आईबाप नाहीत, देश नाही. लॅटव्हेरिया हा देश १९६४ च्या दुसऱ्या वार्षिकांकात आला. तिथल्या रोमानी तांड्यातला हा पोरगा, बाप वर्नर औषधपाणी करणारा. सरदाराची आजारी बायको वाचली नाही म्हणून बाप लेकराला घेऊन थंडीत पळाला आणि अंगावरचे पांघरूण त्याला गुंडाळून स्वतः गारठून मेला. पुढे शिष्यवृत्ती, अमेरिका आणि ती प्रसिद्ध चूक. रीडने त्याचे कागद पाहून ‘काही दशांशांची गफलत आहे’ असे सांगितले, डूमने त्यालाच फैलावर घेतले आणि यंत्र फुटले.

मुखवट्याचा प्रसंगही याच वार्षिकांकात आहे. तिबेटी मठात चिलखत घडले. मुखवटा पुरता निवला नसताना त्याने तो तोंडावर चढवायला लावला. (काड्यांवर भाजलेले भरताचे वांगे सोलायलाही आपण दम धरतो. याला तेवढाही धरवला नाही.) मात्र चेहरा वाचकाला दाखवलाच नाही. कर्बी यांचे म्हणणे असे, की स्फोटाने फक्त एक बारीक व्रण उठला होता आणि स्वतःला निर्दोष समजणाऱ्या माणसाला तोच सोसला नाही. १९८५ च्या २७८ व्या अंकात तेव्हाचे लेखक-चित्रकार जॉन बर्न यांनी हीच बाजू पक्की केली. स्फोटाने व्रण, आणि बाकी चेहरा तापलेल्या मुखवट्याने जाळला. म्हणजे ‘स्फोटात चेहरा जळाला’ ही १९६२ ची नोंद झाली. तिला १९८५ चा फेरफार लागला आहे. तो गाळला की दोष यंत्राचा ठरतो आणि डूमच्या घाईचा राहात नाही. मग गोष्टीत उरते काय?

लेखात त्याला ‘डॉक्टरेट मिळवलेला शास्त्रज्ञ’ म्हटले आहे. पदवीआधीच कॉलेजातून काढलेल्या माणसाला डॉक्टरेट कुठून मिळणार? ती उपाधी त्याने स्वतःच लावून घेतली.

मृत्यूंची मोजदाद त्याहून अवघड. नोव्हेंबर १९८३ च्या २६० व्या अंकात टेरॅक्स आणि सिल्व्हर सर्फर या दोन महाबली पात्रांच्या झुंजीत डूम संपतो. तरीही १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘सीक्रेट वॉर्स’ या बारा अंकी मालिकेत तो धडधाकट वावरतो. ही छपाईची चूक नव्हे. जानेवारी १९६३ च्या १० व्या अंकात ओव्हॉइड नावाच्या परग्रहवासीयांकडून तो मन दुसऱ्या शरीरात घालायची युक्ती शिकला होता. तीच इथे उपयोगी पडली. मरता मरता त्याचे मन गर्दीतल्या एका साध्या माणसाच्या अंगात शिरले, भुसावळला उतरून सुरतेची गाडी धरावी तसे. १९८६ च्या २८८ व्या अंकात बियाँडर या अफाट शक्तीच्या पात्राने त्याला मूळ शरीर परत दिले आणि मागच्या काळात, ‘सीक्रेट वॉर्स’च्या युद्धात धाडले. छपाईचा क्रम १९८३, १९८४, १९८६. डूमच्या आयुष्याचा क्रम १९८३, १९८६, १९८४. लेखात छपाईचा क्रमच आयुष्याचा म्हणून दिल्याने मेलेला माणूस आपोआप उठून बसला.

यंत्रमानवांचेही तसेच. अगदी ५ व्या अंकात चौघांच्या हाती लागलेला डूम यंत्रमानव निघाला होता. त्यामुळे नंतरच्या लेखकांना नको असलेला प्रसंग ‘तो डूमबॉट (डूमचा यंत्रमानव) होता’ म्हणून कंसात टाकायची सोय झाली. ‘एक्स-मेन’ या दुसऱ्या मालिकेच्या १९८१ मधल्या कथेत आर्केड नावाचा खलनायक डूमच्या चिलखतावर काडी ओढून पेटवतो. हा अपमान बर्न यांना रुचला नाही. ‘फॅन्टॅस्टिक फोर’च्या १९८३ च्या २५८ व्या अंकात त्यांनी तो डूमबॉट ठरवला आणि खऱ्या डूमच्या हातून त्याला शिक्षा करवली. म्हणून डूमचे कोणतेही कृत्य लिहिताना ते पुढे डूमबॉटच्या खाती गेले का, हे आधी पाहावे.

जन्मसाल मात्र लिहूच नये. १९६३ च्या ११ व्या अंकात रीड दुसऱ्या महायुद्धात लढल्याचा उल्लेख होता. तो महायुद्धात असेल, तर त्याच्या बरोबरीचा डूम आज शंभरीपार असायला हवा. प्रकाशकांनी हे गणित पुढे ढकलत नेले आणि युद्धाचा संदर्भ मागे टाकला. ‘जन्म १९३५ च्या सुमारास’ ही लेखातली ओळ कुठल्या अंकातून घेतली, ते कळवावे.

तारखा काढताना आणखी एक खाच आहे. जुन्या अमेरिकन अंकांवरचा महिना विक्रीच्या महिन्यापेक्षा साधारण दोन-तीन महिने पुढचा असे. म्हणून जानेवारी १९६३ चा अंक १९६२ मध्येच स्टॉलवर आला होता. दोन्हींपैकी एकच पद्धत सबंध लेखात ठेवावी. टिपणवहीत तीन रकाने पुरतात: अंक व महिना, आयुष्यातला टप्पा, आणि नोंद पुढे कोणत्या अंकात बदलली. चित्रपटांसाठी वही वेगळी.

पुढच्या वेळी जागा कमी पडली तर २०१५ च्या कथेत त्याला मिळालेले देवपण खुशाल गाळा. १९६४ चा वार्षिकांक आणि २७८ वा अंक गाळू नका.

आपले,
काही कॉमिक्सवाचक
अमळनेर, जि. जळगाव