हजार लिटरला दहा थेंब!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या पुरवणीतला टँकरच्या पाण्यावरचा लेख वाचला. टीसीएलचा, म्हणजे पाणी निर्जंतुक करायच्या क्लोरीन पावडरीचा, वास नको असेल तर हजार लिटरच्या टाकीत गवती चहाच्या तेलाचे दहा थेंब टाका, पाणी निर्जंतुक! छापण्याआधी कुणी पाटीवर हिशोब तरी करून पाहायचा.

साधारण वीस थेंबांचा एक मिली होतो, म्हणजे दहा थेंब अर्धा मिली. हजार लिटरला हे प्रमाण ०.००००५ टक्के पडतं. प्रयोगशाळेत ई. कोलाय या जंतूची वाढ नुसती रोखायला चांगलं तेल ०.०६ टक्क्यांच्या आसपास लागतं, म्हणजे टाकीला ६०० मिली. आपल्या दहा थेंबांच्या बाराशे पट! सुडोमोनाससारखा चिवट जंतू निघाला तर एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे दहा लिटर. १०० किलो ओल्या गवतातून ३०० ते ४०० ग्रॅम तेल निघतं. तेव्हा एका टाकीसाठी अडीच टन गवत भट्टीला लावायचं आणि वर ते पाणी तोंडात धरवणार नाही. शिवाय रोखणं वेगळं आणि मारणं वेगळं. रोखलेला जंतू तेल विरळ झालं की पुन्हा वाढू लागतो.

मुळात तेल पाण्यात मिसळतच नाही, हे फोडणी देणाऱ्या कुणालाही विचारा. ते वर तरंगणार आणि टाकीची तोटी तळाशी. पहिल्या पन्नास हंड्यांना नुसतं पाणी, आणि तळ गाठणाऱ्याच्या हंड्यात सगळा तवंग. तोवर निम्मं उन्हाने उडालेलं, काही टाकीच्या भिंतीला चिकटलेलं. प्रयोगशाळेत तेल पाण्यात धरून ठेवायला ट्वीन-८० सारखा पदार्थ घालतात. पिण्याच्या टाकीत तो कोण घालणार?

सोबतच्या बशीच्या फोटोने तर कहर केला. ६ मिमीच्या कागदी चकतीवर तेल टाकून जंतू पेरलेल्या अगरवर (जंतू वाढवायच्या जेलीवर) ठेवतात, ३७ अंशाला १८ ते २४ तास. भोवती स्वच्छ वर्तुळ उमटलं की झाला 'सिद्ध' गुण. पण चकतीवरचं तेल बहुधा बिनपाण्याचं, शंभर टक्के असतं. ते अगरमध्ये नीट झिरपत नाही, उलट त्याची वाफ झाकणाखाली पसरते. म्हणून दोन तेलांची वर्तुळं मोजून त्यातलं कुठलं भारी हे ठरत नाही, आणि त्यावरून टाकीची मात्रा तर मुळीच काढता येत नाही.

तेलात दम नाही, असं माझं म्हणणं नाही. लवंगेतलं युजेनॉल आणि ओव्यातलं थायमॉल जंतूचं आवरणच सैल करतात, आतला ऐवज बाहेर गळतो. कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल समभाग एकत्र केलं की आपोआप पातळ होणारी अमृतधारा घरोघरी आहेच. पण ती थेंबाथेंबाने वापरायची चीज. नीलगिरीचं किंवा कापराचं तेल लहान मुलाच्या पोटात चमचाभर गेलं तरी झटके येऊ शकतात. लेखात 'नैसर्गिक म्हणून निर्धोक' हे वाक्य दोनदा आहे, ही सूचना एकदाही नाही!

टीसीएलचं म्हणाल तर ३३ टक्के क्लोरीनची ताजी पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपास लागते. पाणी गढूळ असेल तर जास्त. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळीच टाकीत ओतायची आणि तासभर थांबायचं. मग ओटी टेस्ट करायची, म्हणजे पाण्याच्या नमुन्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. बहुतेक वेळा घोटाळा होतो तो पोत्यात. तोंड उघडं, खोली दमट, क्लोरीन कधीच उडालेला. मग जलसुरक्षक अंदाजाने दुप्पट टाकतो. एखादं पोतं ताजं निघालं की पाण्याला भपकारा येतो आणि गाव टीसीएललाच नावं ठेवतं. वास सोसत नसेल त्याने पिण्यापुरतं पाणी उकळून घ्यावं, क्लोरीन निघून जातो. त्याला तेल लागत नाही.

खुलासा छापणार असाल तर पुरवणीत त्याच जागी, तेवढ्याच टाइपात छापा. पान सातच्या कोपऱ्यात नको. त्या कोपऱ्यात आपण वसमतचे हळदीचे भाव छापता. गेले चार दिवस तेच आकडे आहेत, फक्त तारीख बदलते. ते तरी कुणीतरी रोज बाजार समितीला फोन करून घ्यावेत.

आपला,
एक वाचक, ता. वसमत, जि. हिंगोली