हॉट स्प्रिंग्जला येण्याआधी

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या आर्कान्साला जायचं नक्की करूया. तेव्हा उकाडा ओसरलेला असतो आणि झाडांची पानं रंगायला लागतात. तिथल्या लिटल रॉक शहराहून गरम झऱ्यांचं हॉट स्प्रिंग्ज गाव गाडीने तासाभरावर आहे. तिथे निदान दोन रात्री राहा, कारण गरम पाण्याच्या स्नानानंतर लगेच प्रवास नको.

आई, वज्रेश्वरीसारखं उघडं कुंड तिथे मिळणार नाही. डोंगराच्या पायथ्याशी चाळीसहून अधिक झरे आहेत, पण पाणी दूषित होऊ नये म्हणून बहुतेक झाकून टाकलेत. आर्लिंग्टन लॉन या हिरवळीवर मात्र ते उघड्यावर वाहताना दिसतं. उगमापाशी ते साधारण ६२ अंश सेल्सिअस असतं, तिथे हात घालायचा नाही. गंधकाचा वास अजिबात नाही. रस्त्यालगतच्या नळांवर लोक कॅन भरून हे पाणी पिण्यासाठी फुकट नेतात.

बाबा, तुम्ही विचाराल म्हणून सांगते, इथे ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी भेगाळलेल्या खडकांतून फार सावकाश मुरत जातं. खोल जाईल तसा खडक तापलेला असतो, तिथे ते गरम होतं आणि मग भ्रंशाच्या, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या जागेच्या, फटीतून झपाट्याने वर येतं, म्हणून निवायला वेळच मिळत नाही. आज नळाला येणारं बरंचसं पाणी सुमारे ४,४०० वर्षांपूर्वीच्या पावसाचं आहे.

बाथहाउस रो या रांगेत आठ जुनी स्नानगृहं उरली आहेत, पण आंघोळ दोनच ठिकाणी होते. क्वापॉमध्ये सामायिक तलाव आहेत, तिथे पोहण्याचे कपडे लागतात. १९१२ पासून चालू असलेल्या बकस्टाफमध्ये जुनी पद्धत आहे. बायका आणि पुरुष वेगळ्या मजल्यांवर, सोबत मदतनीस, अंगाला चादर गुंडाळलेली. आई, तुला संकोच वाटणार नाही. आधी मोठ्या टबात वीसेक मिनिटं, मग गरम पट्ट्या, कमरेपुरतं स्नान, डोकं बाहेर ठेवून वाफेची पेटी आणि शेवटी बारीक धारांचा शॉवर. बकस्टाफला आधी वेळ राखून ठेवता येत नाही, म्हणून सकाळी लवकर जा.

वाफेची पेटी तुम्ही दोघांनीही सरळ नाकारा. गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात. त्यात बीपीची गोळी घेतलेली असली तर टबातून उठताना रक्तदाब एकदम उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस ओल्या फरशीवर पडतो. म्हणून आधी टबातच बसते व्हा, मिनिटभर थांबा, मग मदतनीसाचा हात धरून उठा. आई, मधुमेहामुळे तुझ्या तळव्यांना चटका उशिरा कळतो, तेव्हा पाणी कोपराने बघ. बांगड्या, अंगठ्या खोलीवरच काढून ठेव, कारण उष्णतेने बोटं सुजतात. निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि ते नको म्हणाले तर नकोच. स्नानगृहांच्या मागची प्रोमनेड ही विटांची वाट जवळपास सपाट आहे, तिथलं फिरणंही सुखाचं होईल.

याच रांगेतल्या फॉर्डाइस या जुन्या स्नानगृहाच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. तिथली संगमरवरी दालनं बघताना एक ध्यानात असू द्या. या रांगेत राबणाऱ्या कृष्णवर्णीय मदतनीसांना वर्णभेदाच्या काळात इथे आंघोळीला मज्जाव होता. त्यांची स्नानगृहं माल्व्हर्न अव्हेन्यूकडे होती. मला ही गोष्ट इमारतींपेक्षा महत्त्वाची वाटते.

बाबांसाठी आणखी एक दिवस काढा. नैर्ऋत्येला, तासाभराहून थोड्या जास्त अंतरावर, मर्फ्रीसबोरो गावाजवळ ३७ एकरांचं नांगरलेलं शेत आहे. त्याच्या मातीत हिरे मिळतात, आणि हिरा ज्याला सापडेल त्याचाच. १९२४ साली इथेच ४०.२३ कॅरेटचा हिरा मिळाला होता. बहुतेक हिरे मात्र काडीच्या गुलाएवढे. चाळणी भाड्याने मिळते. ती पाण्यात बुडवून हलवत राहिलं की जड खडे मध्यभागी तळाला जमतात. मग चाळणी झटक्यात पालथी केली की ते वर दिसतात. पण यात फार वाकावं लागतं. गुडघ्यांचा विचार करता, जोराचा पाऊस होऊन ऊन पडल्यावर हळूहळू चालत जमिनीवर नजर ठेवणं बरं. हिऱ्याला चिखल चिकटत नाही, त्यामुळे तो धुऊन चमकतो. चप्पल नको, माती फार चिकट आहे. टोपी घ्या, सावली जवळजवळ नाही.

गोळ्यांची यादी आणि डॉक्टरांचं उत्तर कळवा, त्यानंतरच तिकिटं काढते.

तुमची,
धाकटी