तिथनं नदी दिसती

पंचगंगा स्मशानभूमीत रात्रपाळीला असणाऱ्या मामांस,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. त्या रात्री विचारायचं सुचलं नाही आणि तिसऱ्या दिवशी रक्षा गोळा करायला आलो तेव्हा तुमची पाळी नव्हती. उंच, टोपीवाले, कानावर बिडी ठेवणारे, एवढ्या खुणांवर तिथल्या पोरानं तुम्हाला ओळखलं, पण तोही नुसता 'मामा' म्हणाला. म्हणून पत्रावर नाव नाही. तुम्ही वाचलंत तर बरंच. नाहीतर वाचून दाखवणारं कुणीतरी तुमच्या ओळखीचं निघेल, कोल्हापूर काही एवढं मोठं नाही.

आम्ही काकांना घेऊन साडेदहाच्या सुमाराला आलो होतो. पाऊस धो धो. शववाहिकेच्या मागं एक रिक्षा आणि एक मोटरसायकल, सगळे मिळून पाचजण. काकांचा मुलगा परदेशातून निघाला होता, त्याला दीड दिवस लागणार होता. आणि 'माझ्यासाठी कुणाची वाट बघत बसायचं नाही, बर्फात ठेवायला मी काय मासळी आहे?' असं काका त्याच्याच तोंडावर सांगून गेले होते. बाकीच्या नातेवाइकांनी मोबाईलवर हात जोडले. बेचाळीस जोड्या मोजल्या मी. पावसाचं कारण खरं होतं, पण लग्नाच्या जेवणाला यांना पाऊस आडवा आलेला मी तरी पाहिलेला नाही.

एवढा उशीर का झाला, तर ज्या दवाखान्यात काका शेवटचे अकरा दिवस होते तिथं बिलातली एक ओळ जुळत नव्हती. दुपारी तीनला गेलेला माणूस त्या एका ओळीपायी रात्री नऊपर्यंत खोळंबला. खिडकीतला पोरगा स्वभावानं वाईट नव्हता. त्याला फक्त वर विचारायचं होतं, आणि वर कुणी नव्हतं. अकरा दिवस काकांना तिथं 'सात नंबर' म्हणत. सात नंबरचं जेवण, सात नंबरचे नातेवाईक, सात नंबरचं सलाईन संपलं. चष्मा कुठं गेला ते आजवर कुणी सांगितलेलं नाही. चष्म्याचं एक सोडा. डाव्या हातात सुई टोचायला रोज कुणीतरी ती करंगळी बाजूला करत होतं, पण ती वाकडी कशी झाली हे एकानं विचारलं नाही.

तुम्ही विचारलंत.

आतल्या बाजूच्या चौथऱ्यावर शेणी रचून तुम्ही तयार होता. काकांचे हात नीट घेताना तुमचं लक्ष तिकडं गेलं आणि तुम्ही म्हणालात, "ही वाकडी कशानं झाली वो?"

"बर्ग्याखाली सापडली होती."

"बर्गं? बंधाऱ्याचं?"

मग मला सांगावं लागलं की ते पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. कुठल्या नदीवर, असं तुम्ही विचारलंत. मी म्हणालो, कासारीवर होते, कुंभीवर होते, पुढं भोगावतीवर. तुम्ही जरा गप्प राहिलात आणि म्हणालात, "म्हंजे त्यांचं समदं पाणी हितनंच जातंय की."

मामा, मी जन्मापासून शुक्रवार पेठेत राहतोय. पाच नद्यांची पंचगंगा होते हे चौथीच्या पोरालाही पाठ असतं. पण काकांनी अडवलेलं आणि सोडलेलं सगळं पाणी शेवटी आपल्याच दारावरून जात होतं, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

आणि मग तुम्ही म्हणालात, "थांबा जरा. त्या टोकाला घेऊ. तिथनं नदी दिसती."

आम्ही नको म्हणालो. रचून झालं होतं, रात्र झाली होती, टोकाला झड येत होती. तुम्ही ऐकलं नाहीत. रचलेल्या सगळ्या शेणी उचलल्या, त्या पोराला हाक मारली आणि पाटीनं तिकडच्या चौथऱ्यावर नेल्या. सतरा फेऱ्या. मी मोजल्या, कारण मोजायची सवय काकांनीच लावली. आमच्यातले दोघं मदतीला आले तर तुम्ही म्हणालात, "तुम्ही त्यांच्याजवळ थांबा." झडीच्या बाजूनं एक पत्रा आडवा लावलात, नदीची बाजू मोकळी ठेवलीत. शेणी परत पहिल्यापासून रचल्यात, हातानं चाचपून, ओली निघेल ती बाजूला टाकून.

तो माणूस कोण होता हे आता तुम्हाला जरा सविस्तर सांगतो. तुम्ही विचारलं होतंत आणि मी दोन वाक्यांत उरकलं होतं.

आमचे काका सांगलीच्या वालचंद कॉलेजातून इंजिनिअर झाले आणि पाटबंधाऱ्यातच निवृत्त झाले. 'अंबाबाईच्या कृपेनं बदली कधी लांब झाली नाही,' असं काकू म्हणायच्या. काका म्हणायचे, लांबच्या जागेसाठी कुणी पैसे देत नाही आणि जवळच्यासाठी मी दिले नाहीत, तरी राहिलो, याला कृपा नाही, विसर म्हणतात. ठेकेदाराकडून आलेला पेढ्यांचा पुडा दारातूनच परत जायचा. शेतकऱ्यानं दिलेलं उसाचं कांडं मात्र चालायचं. यात फरक काय, असं मी एकदा विचारलं. "ऊस माझ्या पाण्यावर आलाय. गोड झालाय का बघायला नको?"

चपलेला, गुळाला, मिसळीला कोल्हापूरचं नाव आहे हे सगळे सांगतात. बंधाऱ्यालाही आहे हे कुणी सांगत नाही, याचा त्यांना खरोखर राग होता. महाराष्ट्रभर इंजिनिअर लोक ज्याला के. टी. वेअर म्हणतात, त्यातलं के म्हणजे आपलं कोल्हापूर. दगडी खांब, खांबांना खाचा. पावसाळा सरला की खाचांत बर्गे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवायचं आणि पुढचा पाऊस यायच्या आत ते काढून नदी मोकळी करायची. तुम्हाला हे माहीत आहे, तुम्ही बर्गे म्हटल्याबरोबर ओळखलंत. बर्गे वेळेत निघाले नाहीत तर पहिला लोंढा अडतो, आणि मग काठाची माती नाहीतर बंधारा, काहीतरी एक जातं. काकांच्या करंगळीची गोष्ट अशाच एका वर्षातली. वळीव समजून लोक झोपले आणि रात्रीत नदी चढली. कासारीवरच्या एका गावात काका कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून गावकऱ्यांबरोबर बर्गे ओढत होते. साहेबानं पाण्यात उतरायची रीत नव्हती. एक बर्गा सुटला आणि करंगळीवर बसला. ती पुढं कधी सरळ झाली नाही. जेवताना भाकरी मोडली की ती एकटीच बाहेर राहायची, चहा पिणाऱ्या बाईसारखी. आम्ही पोरं हसायचो.

राधानगरीला आम्हाला दरवर्षी नेत. शाहू महाराजांनी धरण सुरू केलं, 1922 ला महाराज गेले आणि काम पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं, ही कथा वळणावळणावर. पण त्यांचं खरं प्रेम त्या सात स्वयंचलित दरवाजांवर. तलाव भरला की दरवाजे आपोआप उघडतात, पाणी उतरलं की आपोआप मिटतात. एक उघडला की चौदाशे क्युसेकच्या आसपास पाणी सुटतं. वीज नाही, बटण नाही, पाण्याचा भार आणि त्याला तोललेलं वजन, बस्स. "याला म्हणायचं इंजिनिअर," ते म्हणायचे, "स्वतः गेला तरी काम चालू आहे."

सगळं चांगलंच होतं असं नाही. हट्टी होते. विहिरीच्या वाटणीवरून माझ्या वडिलांशी दोन वर्षं बोलले नाहीत, आणि चूक काकांची होती. शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी असायची. रस्त्यावरच्या खड्ड्याची खोली मापून महापालिकेला पत्र पाठवायचे, आणि लोक बघत असले की आम्हाला तोंड लपवायला जागा राहायची नाही. 2019 च्या पुरात 'आपल्या बोळात पाणी येत नाही' असं त्यांनी ठामपणे सांगितलं, आणि सकाळी तळमजल्यावरचा फ्रीज तरंगत होता. त्यांनी चूक कबूल केली, पण त्यांच्या पद्धतीनं. जिन्यात बसून दर तासाला भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारत होते, बाजूला वेळ. त्या रेघा अजून आहेत. पुढं दोनदा रंग काढला घराला, जिन्याची ती भिंत रंगवू दिली नाही.

निवृत्तीनंतर पहाटे रंकाळ्याला फेरी, येताना गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध. पावसाळा लागला की सकाळ-संध्याकाळ एकच प्रश्न: पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट? 39 ला इशारा, 43 ला धोका, हे आमच्या घरात पाढ्यांच्या आधी पाठ झालं. दवाखान्यातही विचारायचे. मी सांगायचो आणि मग डोळे मिटून मनात काहीतरी गणित करत पडायचे. दहाव्या दिवशी विचारलं नाही. तेव्हाच मला कळलं होतं.

आता तुमच्या त्या टोकाच्या चौथऱ्याविषयी. काका असते तर म्हणाले असते, मेलेल्याला काय नदी दिसते? सतरा फेऱ्या वाया घालवल्या त्या माणसानं. हिशेबानं ते बरोबर आहे. अंधारात आम्हालाही नदी धड दिसत नव्हती. लांबून एखादी गाडी गेली की पाण्यावर उजेड हलायचा, बाकी नुसता आवाज. तुम्हाला त्यातून काही मिळायचं नव्हतं, आमचं काही अडलं नव्हतं, आणि ज्याच्यासाठी केलंत तो सांगायला येणार नव्हता. तरी तुम्ही पाटी उचललीत. त्या दिवसभरात अनेकांनी मला नियम सांगितले होते. तुमच्याकडंही नियम असतील. मला काही बोलता आलं नाही, कारण दुपारपासून अडकलेलं रडू तेव्हाच आलं, आणि तुम्ही पत्रा सारखा करायला म्हणून पलीकडं गेलात. तेही मी पाहिलं.

मी खिशात हात घातला तेव्हा तुम्ही म्हणालात, "हितं पैसं घेत न्हाईत." ते मला माहीत होतं, या गावात महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही. मी तुमच्यासाठी देत होतो. तुम्ही म्हणालात, "द्यायचंच आसंल तर होळीला शेणी आणून टाका." त्याप्रमाणं पेठेतल्या मंडळात सांगितलंय. यंदा होळी लहान आणि टेम्पो भरून शेणी तुमच्याकडं. पोरं लगेच हो म्हणाली. काकांनी त्यातल्या निम्म्यांची गणितं घेतली होती, फुकट आणि छडीसकट.

रक्षा आम्ही नदीत सोडली नाही. काकांनी बजावून ठेवलं होतं, नदीचं गटार करायला माझी भर नको. गावाकडं उसाच्या बांधावर नारळ लावला आणि आळ्यात घातली. त्यांचा मुलगा तेव्हा पोचला होता. त्याला मी तुमचा चौथरा दाखवायला घेऊन आलो होतो, त्याच दिवशी तुम्ही नव्हता. दिवसाउजेडी तिथं उभं राहून पाहिलं. खरंच दिसते. घाटाच्या पायऱ्या बुडाल्या होत्या, पाणी लालसर, मधूनच एखादं झाडाचं खोड वाहत चाललेलं. तो बराच वेळ बघत उभा राहिला, मग म्हणाला, "हे कासारीचं असणार." कशावरून, ते मी विचारलं नाही.

तुमची रात्रपाळी पुन्हा कधी आहे ते त्या पोराकडून कळवा. येतो.

काल रात्री राजारामला पाणी इशाऱ्याच्या खाली होतं आणि उतरत होतं. घरात आता हे कुणी विचारत नाही, म्हणून तुम्हाला कळवतोय.

तुमचा,
टोकाच्या चौथऱ्यावर आणलेल्या इंजिनिअरसाहेबांचा पुतण्या
शुक्रवार पेठ, कोल्हापूर