काळबादेवी स्थानकाचा इतिहास स्थानकातच मांडावा

महोदय,

मुंबईच्या भुयारी मेट्रो-३चा आचार्य अत्रे चौक ते कफ परेड हा अखेरचा टप्पा ऑक्टोबर २०२५मध्ये सुरू झाल्यापासून चर्चा चालते ती तिकीटदरांची आणि भुयारातल्या मोबाइल रेंजची. ती रास्तच आहे. पण याच टप्प्यातले काळबादेवी स्थानक घडले कसे, याविषयी फारसे लिहिले गेले नाही.

खानदेशातल्या वाचकाला हे स्थानक परके नाही. जळगाव, धुळे, अमळनेरचे कापड दुकानदार पिढ्यानपिढ्या ज्या मुळजी जेठा मार्केटात माल भरायला जातात, ते याच परिसरात आहे. त्याच मुळजी जेठांच्या पेढीने एकोणिसाव्या शतकात जळगावात कापडगिरणी उभारली होती आणि आमचे ‘एम. जे.’ महाविद्यालय तेच नाव चालवते.

मेट्रो-३ची बहुतेक भुयारी स्थानके रस्ता वरून उघडा करून, खड्डा खोदून बांधली गेली. काळबादेवी आणि गिरगाव येथे दाट वस्तीमुळे ते शक्य नव्हते, म्हणून तेथे ‘नाटम’ (न्यू ऑस्ट्रियन टनेलिंग मेथड) ही बोगदा खोदण्याची पद्धत वापरली गेली. या पद्धतीत मर्यादित जागेत खोल विवर घेऊन त्याच्या तळातून आडवे खोदत जातात. थोडा खडक काढला की उघड्या पडलेल्या भागावर लगेच काँक्रीटचा फवारा मारायचा, पोलादी बोल्ट ठोकायचे, वरच्या जुन्या इमारती खचतात वा कलतात का हे उपकरणांवर पाहायचे आणि मगच पुढचा टप्पा घ्यायचा. आपल्याकडे विहीर खणताना लागतो त्याच जातीचा काळा पाषाण तेथेही आहे, त्यामुळे हे काम किती चिवट असेल याची कल्पना खानदेशी माणसाला द्यावी लागत नाही. या कामासाठी काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या आणि कुटुंबांना घरे सोडावी लागली. त्यांचे त्याच परिसरात पुनर्वसन करण्याचे वचन दिलेले आहे. माझ्या मते ते पुरे होईपर्यंत स्थानक पूर्ण झाले असे म्हणू नये.

माझी सूचना एवढीच की, पाडलेल्या इमारतींची नावे व छायाचित्रे, खोदकामाच्या उभ्या छेदाचे चित्र आणि कापडबाजाराची थोडक्यात माहिती या स्थानकाच्या तिकीट खिडकीजवळच्या भिंतीवर मराठीत, वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लावावी. हेच गिरगावलाही करता येईल.

— कापड व्यवसायातील एक वाचक, जळगाव