मोसंबी पिवळी पडते ती नेहमी जस्ताअभावी नव्हे

महोदय,

केळीवरच्या सीएमव्ही या विषाणूजन्य रोगाची चर्चा जळगाव जिल्ह्यात दरसाल होते, व्हायलाच हवी. पण मोसंबीतल्या ग्रीनिंग या जिवाणूमुळे होणाऱ्या रोगाबद्दल फारसे कोणी बोलत नाही. माझ्या बागेत पाने पिवळी पडली तेव्हा दुकानदाराने जस्ताची कमतरता सांगून दोन वर्षे फवारण्या विकल्या. तपासणीत ग्रीनिंग निघाले. जस्त कमी असेल तर पिवळेपणा मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना सारखा दिसतो. ग्रीनिंगमध्ये एका बाजूचे डाग दुसरीशी जुळत नाहीत. ग्रीनिंगचा जिवाणू झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो आणि सायला नावाची जेमतेम तीन-चार मिलिमीटरची कीड रस शोषताना तो झाडोझाडी नेते. ती अंडी कोवळ्या पालवीवरच घालते, म्हणून बहाराच्या नव्या फुटीवेळी बागेत फिरलेच पाहिजे. कढीपत्ताही तिला चालतो (आमच्या विहिरीपाशी तो होताच!). लागलेले झाड बरे होत नाही, उपटावे लागते. रोगट झाडाचे डोळे (फांदीवरचे अंकुर) बांधलेल्या कलमांतूनही रोग पसरतो. तेव्हा रोपवाटिकांतल्या मातृवृक्षांची, म्हणजे ज्यांचे डोळे घेतात त्या झाडांची, तपासणी कृषी विभागाने जूनच्या लागवडीआधी करावी, आणि तिचा निकाल रोपे घेणाऱ्याला दाखवावा.

– एक मोसंबी उत्पादक, भडगाव (जि. जळगाव)